सदतीस नंबरचा सभासद

अड्यार, चेन्नई
रविवार, १५ जून २०२५

चि. गिरिधर यास अक्काचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून न उघडताच ठेवून देशील या भीतीनं पत्ता कौशिककडून लिहून घेतला आहे. कौशिक म्हणजे तुझे भावोजी. लग्नाला तू आला नव्हतास, निदान नाव तरी माहीत असू दे. फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस आणि माझे ईमेल कुठल्या विहिरीत पडतात ते कळत नाही. राहिलं टपाल. आपण पाच वर्षं टपालावरच क्लब चालवला, ते अजून चालतं का बघते.

मराठीत अशासाठी, की इंग्रजीत मी तुझ्याशी फार गुळगुळीत बोलते. अम्मा दर रविवारी समोर बसवून देवनागरी गिरवून घ्यायची तेव्हा रडायचास ना, आता वाच. माझं मराठी इतकं कसं सुधारलं असं वाटत असेल तर ते श्रेय सासूबाईंचं. त्या मूळच्या साताऱ्याच्या, सासरे इथल्या आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यात आले म्हणून इकडच्या झाल्या. लग्नानंतर आपलं तंजावरी मराठी ऐकून मला म्हणाल्या, "अगं, बोलतेस की बखर वाचतेस?" तेव्हापासून रोज सकाळी माझी शिकवणी चालू आहे.

आता कामाचं. नुंगंबाक्कमला आपल्या क्लबाची खोली होती ती इमारत पाडायची आहे. खालचे शिंपीमामा गेली अकरा वर्षं आपली खोकी माळ्यावर सांभाळत होते, परवा त्यांचा फोन आला की ऑगस्टच्या आत उचला. मी जाऊन आले. अकराशेच्या वर व्हिडिओ गेमच्या डिस्क आहेत रे. परतीच्या पाकिटांचा एक अख्खा गठ्ठा आहे, तिकिटं लावलेली. "प्ले बाय पोस्ट" असा तुझा तो जांभळा शिक्कासुद्धा सापडला, शाई वाळून दगड झाली आहे.

तिथेच खाली बसले आणि दोन तास गेले. कौशिकला वाटलं मी जिन्यावरून पडले.

त्याला मी सगळं समजावून सांगितलं, कारण आता कोणाचा विश्वास बसत नाही. महिन्याची वर्गणी भरली की आपण सभासदाला दोन डिस्क टपालानं पाठवायचो. हव्या त्या खेळांची यादी त्यानं वेबसाइटवर करून ठेवायची. हवे तितके दिवस खेळा, दंड नाही. एक डिस्क परत आली की यादीतला पुढचा खेळ रवाना. नवा खेळ दुकानात घ्यायचा तर लोकांचा आठवड्याचा किराणा त्यात जायचा, म्हणून मदुराई, कोईमतूर, पार नागरकोविलपर्यंत आपली पाकिटं जायची. मी तीनला शाळेतल्या नोकरीवरून सुटून यायचे आणि आलेली पाकिटं फोडायचे. डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची, ओरखडे बघायचे, अप्पांच्या जुन्या सुती वेष्टीच्या तुकड्यानं मधून बाहेर पुसायची. फार ओरखडे असले तर टूथपेस्ट. तू म्हणायचास, अक्का, डिस्क बघून माणूस कळतो. खरंच कळायचा. कोणाच्या डिस्कवर सांबाराचं बोट, कोणाच्या मांजराचे केस. त्या पसाऱ्याचा मला तेव्हा वैताग यायचा आणि परवा त्याच पसाऱ्यासाठी रडू आलं.

तर डिस्कांचं काय करू ते कळव.

अप्पा आमच्याकडेच असतात. बहात्तर पूर्ण झाली. मे महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता दिसेल तो कागद वाचत सुटले आहेत, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा. तू आणि ते, सोळा वर्षं बोललेला नाहीत. मी मध्ये पडून काही होईल असं मला वाटत नाही, पण मी मध्येच आहे त्याला काय करणार.

ताकाला जाऊन भांडं का लपवू? क्लबाची खोली बंद केली त्या दिवशी तू मला विचारलं होतंस, "अप्पांनी एकदा तरी हा जिना चढला का?" मी म्हटलं, "त्यांनी काय केलं ते तुला ठाऊक नाही." तू म्हणालास, "मग सांग." मी गप्प बसले. तू चावी माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालास की पुन्हा फोन करशील तर तेवढं सांगायलाच कर.

आज सांगायचं ठरवूनच बसले होते. पण पोस्टाची वेळ, सासूबाईंची कॉफी, काहीतरी निघतंच. डिस्कांचं कळव.

तुझी,
श्रीरंजनीअक्का


अड्यार
रविवार, १३ जुलै २०२५

चि. गिरिधर,

पोस्टकार्ड मिळालं. पुढे तुझ्या तिकडच्या माल्मोचा पूल, मागे तीन शब्द: सगळं देऊन टाक. अकरा वर्षांनी भावाचे तीन शब्द आले म्हणून मी ते कार्ड फ्रिजवर लावलं. सासूबाई म्हणाल्या, दगडापेक्षा वीट मऊ.

दिलं सगळं. शर्मिष्ठा आठवते? अड्यारची सभासद, तीन महिने क्रिकेटचाच खेळ ठेवून बसली होती ती. आता ती अपंग मुलांची एक संस्था बघते, तिथे हे खेळ खेळायची जुनी मशिनं आहेत. टेम्पो घेऊन आली आणि सगळी खोकी उचलून नेली. फक्त एक पुठ्ठा मी काढून घेतला.

पुठ्ठा म्हणजे कोणता ते तुला कळलं असेल. सुरुवातीला आपल्या डिस्क टपालात फुटायच्या. तू हैराण झाला होतास. मग एका सभासदाकडून डिस्क परत आली ती पुठ्ठ्याच्या दोन चौकोनांत बसवून. मधोमध वर्तुळ कापलेलं, कडा घासून गुळगुळीत, डिस्क हलायला जागा नाही. तू तो पुठ्ठा हातात घेऊन खोलीभर नाचलास. दुसऱ्या दिवसापासून तसेच पुठ्ठे आपण शिंपीमामांच्या कात्रीनं कापायला लागलो आणि डिस्क फुटायच्या थांबल्या. "हा सदतीस नंबर देवमाणूस आहे," असं तू म्हणायचास.

सभासद क्रमांक ३७. श्री. शेषगिरी, मार्फत टाइम ऑफिस, आणि मग गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्याचा पत्ता.

तीन वर्षांनी हाच देवमाणूस तुझ्या डोळ्यांत खुपायला लागला. आठवतं ना? डिस्क पुरवणाऱ्यानं तुला दम दिला होता, बाजारात नकला फिरताहेत, त्या तुमच्यासारख्याच कोणाच्या तरी क्लबातून निघताहेत, चोर शोधा नाही तर नवा माल बंद. तू रात्रंदिवस नोंदी चाळल्यास. सदतीस नंबरकडे डिस्क पोचली की दोन दिवसांत परत निघायची. महिनाभर पुरेल असा खेळ असो की तासाभराचा, दोनच दिवस. परत आलेल्या डिस्कवर बोटाचा ठसा नाही. आपण पाठवल्या त्यापेक्षा स्वच्छ! तू म्हणालास, "हा खेळतच नाही. मशीनमध्ये घालतो, नक्कल काढतो, पाठवून देतो."

आणि वर ती रिकामी डबी. मी घाईत एकदा डिस्क न घालताच डबी पाठवली होती. दुसऱ्या कुणी फोन करून आपलं छप्पर उडवलं असतं. सदतीस नंबरनं दोन दिवसांनी रिकामीच डबी परत पाठवली, आत "थँक्यू" लिहून. तू म्हणालास, "बघ! उघडूनसुद्धा बघत नाही. याच्याकडे खेळाडूचं काळीजच नाही."

तू पत्र लिहिलंस. तुम्ही खेळाडू नाही, चोर आहात. सभासदत्व रद्द. यापुढे तुमचं पाकीट आलं तर न उघडता परत जाईल. आपल्या छापील कागदावर, सहीशिक्क्यासह. फेब्रुवारी २०१३.

मला अजून एक कप कॉफी लागेल असं वाटतं आहे, पण उठले तर पुन्हा पंधरा दिवस जातील.

गिरी, सदतीस नंबर अप्पा होते.

अक्का


अड्यार
रविवार, २० जुलै २०२५

चि. गिरिधर,

मागचं पत्र अजून तुझ्या हातात पडलं नसेल. तरी लिहिते, कारण नुसतं तेवढं वाक्य पाठवून गप्प बसणं हा आणखी एक गुन्हा झाला असता.

पत्ता अप्पांच्याच कारखान्याचा, हे तुला दिसतच होतं. पण तिथे हजारो माणसं कामाला जातात, कशाला संशय येईल. शेषगिरी हा त्यांच्या हाताखालचा. पंपाचे सुटे भाग तपासायच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसायचे. क्लब सुरू झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात अप्पांनी त्याला सांगितलं, तुझ्या नावानं सभासद व्हायचं आहे, वेबसाइटवर काय ते भर. यादीत काय टाकू असं त्यानं विचारलं तर म्हणाले, वरचं जे असेल ते.

घरात मशीन नव्हतंच. तुला माहीत आहे, आपल्याकडे तेव्हा टीव्हीसुद्धा बातम्यांपुरता लागायचा. अप्पा जेवणाच्या सुट्टीत पाकीट उघडायचे, डबीतली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे, आणि मग डोळ्याला तपासणीचं भिंग लावून डिस्क बघायचे. सवय. पुसायचे. दुसऱ्या दिवशी टपालात. ठेवून का घेत नाही असं शेषगिरीनं विचारलं तर म्हणाले, "माझ्यापाठी कोणी थांबला असेल. त्यास खेळायचं आहे."

शेषगिरीनंच एकदा मला हे सांगितलं. तो म्हणाला, मी सरांना विचारलं, सर, खेळता येत नाही ती वस्तू भाड्यानं कशाला आणता? अप्पा म्हणाले, "पोराचं दुकान आहे. कोणी तरी जावं की नको?"

हे तेच अप्पा, ज्यांनी तू बँकेची नोकरी सोडलीस त्या संध्याकाळी "खेळणी भाड्यास देणारा माझा पुत्र नव्हे" असं सगळ्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं होतं. तू पिशवी भरून निघालास आणि ते पेपर वाचत बसले. पेपर उलटा होता, असं अम्मा असती तर तिनं नक्की सांगितलं असतं. मी तेव्हा आतच होते, मला दिसला नाही. त्यांना शब्द परत घेता येत नाही. आपल्या घरात कोणालाच येत नाही.

रिकाम्या डबीचं मी परवा विचारलं. म्हणाले, "चूक कोणाची तरी. सांगितलं असतं तर त्यास बोलणी बसली असती." ती चूक माझी होती रे. बोलणी मला बसली असती.

आता तुझ्या पत्राचं. ते कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी मांडतात तिथे, गेलं. तिथल्या कारकुनानं कारखान्याचं टपाल समजून फोडलं आणि वाचलं, आणि त्यानं वाचलं म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शेडनं वाचलं. शेषगिरी चोरीच्या डिस्क विकतो, असं. अप्पा उठून मॅनेजरकडे निघाले होते, खरा सभासद आपणच असं सांगायला. शेषगिरीनं हात धरला. सर, तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिले, आता चौकशी लागली तर सगळं अडकेल. मला अजून बारा वर्षं काढायची आहेत, लोक विसरतील. लोक विसरले नाहीत. गेल्या वर्षी त्यानं मुदतीआधी नोकरी सोडली, तोपर्यंत त्याला "डिस्क शेषगिरी" म्हणायचे.

आणि मूळ पत्र अप्पांनी मागून घेतलं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय वाचलं असेल तर ते. मी चहा घेऊन गेले तर कागद हातात. मला म्हणाले, "इंग्लिश बरं लिहितो. एक स्पेलिंग चुकलं नाही." मी चहा ठेवला आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले.

तू विचारशील, तुला हे कधीपासून ठाऊक? २०११ पासून. परतीच्या एका पाकिटावर खाकी कागदाची घडी बघितली. चारही कोपरे आत दुमडून, वर सुतळीची चपटी गाठ. शाळेच्या पुस्तकांना अप्पा कव्हर घालायचे तीच घडी. घरी येऊन विचारलं तर आधी काणाडोळा केला, मग म्हणाले, "त्यास सांगू नको. सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." मी शब्द दिला. म्हणून तू पत्र लिहिलंस तेव्हा मी बोलू शकले नाही. दिलेला शब्द होता.

एवढंच सांगायचं होतं.

अक्का


अड्यार
रविवार, १० ऑगस्ट २०२५

गिरी,

मागच्या पत्राच्या शेवटी मी खोटं लिहिलं. दिलेला शब्द वगैरे काही नाही. शब्द दिला होता हे खरं, पण मी गप्प बसले ते त्यासाठी नव्हे. तीन आठवडे ते वाक्य दाताखाली खड्यासारखं येतं आहे. तुझ्याकडून काहीच आलेलं नाही, यायलाच हवं असंही नाही. पण तू रागावणार असशील तर खऱ्यावर रागाव.

तू पत्र लिहून माझ्याकडे दिलंस. मी ते वाचलं, घडी घातली, तिकीट लावलं. नुंगंबाक्कमच्या पोस्टापर्यंत चालत पंधरा मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांत मला दहा वेळा परत फिरता आलं असतं. तुझ्यासमोर नुसतं "थांब" म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी पेटीत पत्र टाकलं आणि वर हात घालून ते नीट आत गेलं का तेही बघितलं.

का, ते सांगते. मला राग आला होता, गिरी. तुझा नाही, अप्पांचा. साडेतीन वर्षं दर महिन्याला त्या माणसानं मुलाच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून हजेरी लावली. त्याच दुकानात मी रोज संध्याकाळी उभी होते. त्यांना पाठवलेलं प्रत्येक पाकीट मी बांधलेलं, त्यावरचा पत्ता माझ्या हातचा. आठ वाजता मी घरी यायचे, बोटांना चिकटपट्टीचा डिंक, आणि अप्पा विचारायचे, "भात लावू की चपाती?" क्लब कसा चालला आहे, तू दमलीस का, तुझं काय, एकदाही नाही. तुझ्याशी भांडून त्यांनी तुला एवढं दिलं. माझ्याशी भांडण नव्हतं, म्हणून मला काहीच मिळालं नाही. तू सदतीस नंबरला चोर म्हणालास तेव्हा माझ्या मनात आलं, बरं झालं. बसू दे एक. संपू दे हा लपंडाव.

एवढं लिहायला मला बारा वर्षं लागली.

आणि याहून वाईट पुढेच आहे. पत्र मिळालं त्या दिवशी अप्पा कंपनीच्या बसमधून उतरून सरळ माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. डबासुद्धा हातातच. त्यांनी एकच विचारलं. "त्यास ठाऊक होतं? मीच म्हणून?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू का नाही सांगितलंस. म्हणून मी म्हटलं, "मला माहीत नाही."

तेवढंच. माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि डबा घासायला गेले. त्या दिवसापासून गेल्या मंगळवारपर्यंत अप्पा असं धरून चालले होते की तुला सगळं कळलं होतं, आणि कळूनच तू त्यांना चोर लिहिलंस. तू परदेशी जायला निघालास तेव्हा ते विमानतळावर आले नाहीत, त्याचं कारण हे. "ज्याने मज चोर म्हटलं त्याचे दारी कसा जाऊ," असं शेषगिरीजवळ म्हणाले होते. आणि तू इकडे समजत होतास की या माणसानं कधी जिना चढला नाही. दोघांच्या दोन गैरसमजुती, आणि दोन्हीची चावी माझ्याकडे. मी ती वापरली नाही.

मंगळवारी त्यांना सांगितलं. सकाळी, कॉफीनंतर, समोर बसून. त्याला ठाऊक नव्हतं अप्पा, मला ठाऊक होतं, पत्र मीच पेटीत टाकलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नव्या डोळ्यांनी सगळं फार स्वच्छ दिसतं त्यांना. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील, किंवा तुझ्यासाठी रडतील. आणि अप्पा काय म्हणाले असतील? "म्हणजे त्याने हे शेषगिरीस लिहिलं? खरोखरीच?"

मी म्हटलं, हो.

"कधी न बघितलेल्या माणसास? तपासल्याशिवाय?"

मग अप्पांचा पारा चढला. मीच आहे असं समजून लिहिलं असतं तर बापावरचा राग म्हणता आला असता. पण एका परक्या कामगाराला, पुरावा नाही, भेट नाही, नुसतं माल स्वच्छ आला म्हणून? "बत्तीस वर्षं मी टेबलावर बसलो. मोजमाप घेतल्याशिवाय एक वॉशर रिजेक्ट केला नाही. आणि हा माणूस रिजेक्ट करतो?" सासूबाई आतून धावत आल्या. मी म्हटलं, अप्पा, शांत व्हा, रक्तदाब. "पोदुम! पुरे! त्यास लिही. येऊन शेषगिरीची माफी मागायची. त्याच्या घरी, उभं राहून. मग माझ्याशी बोलायचं."

तर हा निरोप. मी तो पोचवते आहे. या घरात कोणाचा निरोप पोचवायचा आणि कोणाचा नाही, हे ठरवायचं मी सोडून दिलं आहे.

माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. संध्याकाळी भात लावू की चपाती हेही विचारलं नाही.

अप्पांचा मोबाइल नंबर खाली लिहिते आहे. तो तू बंद केलेला नाहीस, कारण तुझ्याकडे तो कधी नव्हताच.

श्रीरंजनी


अड्यार
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

चि. गिरिधर,

गेल्या रविवारी दुपारी अप्पांचा फोन वाजला तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत होते. नंबर परदेशचा. अप्पांनी तो हातभर लांब धरून वाचला आणि उठून खोलीत गेले. दार लावून घेतलं.

मी ऐकलं नाही, असं म्हणणार नाही. दाराशी जाऊन उभी राहिले. सासूबाईंनी बघितलं आणि काही न बोलता माझ्या हातातली चाळणी काढून घेतली. आतून बराच वेळ नुसतं "सरी… सरी…" असं हुंकारणं ऐकू येत होतं. मग अप्पा ओरडले. मग तूच बोलत असणार, कारण ते गप्प होते. मग पुठ्ठ्याचं काहीतरी निघालं, माप किती ठेवलं होतं, कडा कशानं घासल्या. त्यांचा आवाज असा झाला जसा तू सातवीत गणितात पहिला आलास तेव्हा झाला होता. पन्नास मिनिटं. एकदा ते हसले. आमच्याकडे राहायला आल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

बाहेर आले ते चष्मा पुसत. सासूबाईंना म्हणाले, "दिवाळीआधी येतो म्हणाला. पोरीस पण आणतो. अगोदर गुम्मिडिपूंडीस, मग घरी." तुला मुलगी आहे हे मला तेव्हा कळलं. नाव त्यांनी सांगितलं, संयुक्ता. छान आहे.

दुसऱ्याच दिवशी मी शेषगिरीला फोन केला. तो आधी नको नको म्हणाला, झालं गेलं मॅडम, कशाला. मग त्याची बायको फोनवर आली. ती म्हणाली, येऊ देत. आमच्या मुलाच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा ते डिस्कांचं कोणीतरी काढलं होतं. येऊ देत आणि गल्लीतल्या चार माणसांसमोर बोलू देत. तेव्हा तशी तयारी करून ये. मीही तुझ्याबरोबर उभी राहणार आहे, पत्र लिहिणारा तू असशील पण पेटीत टाकणारी मी आहे. ते मी अप्पांना विचारून ठरवलेलं नाही.

अप्पा माझ्याशी बोलतात. मीठ दे, गोळ्या संपल्या, कौशिक कधी येणार, एवढं. फोनच्या दिवशी संध्याकाळी मी धीर करून विचारलं, "अप्पा, गिरीनं माझ्याबद्दल काही विचारलं?"

खोटं त्यांना बोलता येत नाही, ती कला मी अम्माकडूनही घेतलेली नाही, माझी मीच शिकले. अप्पा म्हणाले, "नाही. तुझं नाव त्याने काढलं नाही." आणि मग, दारापर्यंत जाऊन, "मीही काढलं नाही."

मी म्हटलं बरं.

खरं सांगायचं तर तेव्हा फार लागलं. तुमचं दोघांचं जुळलं, आणि जुळता जुळता मी बाहेर राहिले. पण तक्रार कोणत्या तोंडानं करू? पाहिजे होतं ते हेच. पुन्हा पत्र पेटीत टाकायची वेळ आली तर या वेळी आधीची चार पत्रं टाकीन, सगळी.

फक्त एक मागते. विमान कोणत्या दिवशी, किती वाजता, ते अप्पांना कळवशील तेव्हा मलाही कळव. पोस्टकार्डावर, तीन शब्दांत चालेल. अप्पा गाडीत बसून राहतील, त्यांना आता फार उभं राहवत नाही. आत मी येणार आहे. संयुक्ताला मी कोण ते तुला सांगायचं नसलं तर नको सांगूस. माझ्याशी बोलायचं नसलं तर बोलू नकोस, गुम्मिडिपूंडीपर्यंत बोलू नकोस, परत जाईपर्यंत बोलू नकोस. पण बॅग मात्र माझ्या हातात दे.

अक्का